रेघेतली पायरी

माणसाचा केस ओल्या हवेत लांब होतो आणि कोरड्या हवेत आखडतो. वीतभर लांबीचा केस अगदी कोरड्या हवेतून अगदी ओल्या हवेत नेला, तर त्याची लांबी साधारण पाच मिलिमीटरने वाढते. म्हणजे तांदळाच्या एका बुटक्या दाण्याएवढी. डोळ्यांना हे कळत नाही. पण केसाला एक तरफ जोडली आणि तरफेच्या टोकाला लेखणी बसवली, की तो दाणा बोटभर उंच होतो आणि कागदावर दिसू लागतो.

मित्रांनो, माझा सगळा जन्म त्या दाण्याएवढ्या फरकावर गेला. मी एक जुना आर्द्रतालेखक आहे, हवेतला दमटपणा कागदावर लिहून ठेवणारे यंत्र. माझी बैठक पितळेची आहे, अंगावर काचेची पेटी आहे आणि आत एक उभा डबा आहे. किल्ली दिली की हा डबा सात दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. डब्याभोवती आखलेला कागद गुंडाळतात. कागदावर शून्यापासून शंभरापर्यंत आडव्या ओळी असतात, आणि जांभळ्या शाईची माझी लेखणी त्या ओळींमधून आठवडाभर एकच रेघ ओढत राहते. मला एवढेच काम येते. ते मात्र मी पस्तीसहून अधिक वर्षे केले.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. दुर्बिणी आणि तराजू दुरुस्त करणारा एक कारागीर तिथे बसायचा. माझ्यासाठी केस कुणाचे घ्यावेत, हा त्याच्यापुढे प्रश्नच नव्हता. त्याने आपल्या थोरल्या बहिणीला विचारले. ती म्हणाली, घे बाबा, तेवढंच डोकं हलकं होईल. नाहीतरी तुझ्या काळजीनं गळतायतच. त्याने ते केस धुतले, त्यांचे तेल काढले आणि एक एक मोजून त्यांची जुडी बांधली. मग माझ्याभोवती ओले फडके गुंडाळले आणि लेखणी कुठे थांबते ते पाहिले. ओल्या फडक्यात ती पंचाण्णवाच्या ओळीवर थांबायला हवी. तशी ती थांबेपर्यंत त्याने माझ्या पाठीमागचा एक बारीक स्क्रू इकडेतिकडे फिरवला. हा स्क्रू लक्षात ठेवा. त्याने लेखणी वर-खाली सरकते, हवा मात्र आहे तशीच राहते.

तीसएक वर्षे मी बियाण्यांच्या एका कोठारात काढली. तिथे माझा मान होता. सकाळी येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघायचा आणि मग आपल्या जागेवर जायचा. पुढे कोठारात आकडे दाखवणारी नवी यंत्रे आली आणि मला एका खोक्यात टाकण्यात आले. खोक्यातून मी जुन्या सामानाच्या बाजारात गेलो. किती वर्षे गेली ते मला सांगता येत नाही, कारण माझ्यात कागद नव्हता.

तिथे मला एका चित्रकाराने उचलले. उंच, किडकिडीत, कोटाच्या बाहीला कायम रंग लागलेला माणूस. त्याने मला घरी नेऊन पुसले, नवा कागद लावला आणि आठवड्याने माझी रेघ बघून बायकोला हाक मारली. म्हणाला, "बघ, आता घरात चित्रं काढणारे दोघं झालो. आणि हा माझ्यापेक्षा प्रामाणिक आहे."

त्या वाक्याची मला पुढे फार लाज वाटायची होती.

चित्रकार आणि त्याची बायको तेव्हा शहराच्या जुन्या भागातली एक तीन मजली हवेली हॉटेलासाठी सजवत होते. कुण्या व्यापाऱ्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बांधलेली ती हवेली होती. तिच्या भिंती हातभर जाड होत्या, छताला सागवानी तुळया होत्या आणि जिना एवढा रुंद होता की चार माणसे शेजारी शेजारी चढावीत. हॉटेल मोठे करायचे नव्हते. खोल्या अकराच, पण प्रत्येक खोलीत कुणा ना कुणा चित्रकाराचे काम. खोल्यांना आकडे नव्हते, चित्रांची नावे होती: 'पिवळी खिडकी', 'दोन बहिणी', 'झोपलेला घोडा'. जिन्याच्या वळणावर पत्र्याचा एक बगळा उभा होता. पुष्कळशी चित्रे इतरांकडून मागून आणलेली होती, आणि देणाऱ्यांची अट होती की घरातला दमटपणा पंचावन्नाच्या वर जाता कामा नये आणि त्याची लेखी नोंद राहिली पाहिजे. म्हणून मला तळमजल्यावरच्या जेवणाच्या दालनात, रस्त्याकडच्या भिंतीजवळ एका फळीवर बसवले. पुन्हा काम मिळाले. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

रस्त्याकडची ती भिंत चित्रकाराने स्वतःसाठी राखली होती. भिंत नसती तर जे दिसले असते, ते त्याला भिंतीवर रंगवायचे होते: सकाळी अकराची वेळ, समोरचे कुलपांचे दुकान, वरच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालणारी त्याची धाकटी बहीण, आणि फुटपाथवरून एक पाऊल खाली टाकलेली, हातात पिशवी, मान वळवून गाडी येते का पाहणारी त्याची बायको. वर छतापर्यंत पसरलेले आकाश.

अडचण एकच होती. छताच्या पाच तुळयांची टोके या भिंतीत शिरत होती आणि प्रत्येक टोकाखाली मुठीएवढे एक भोक होते. गवंडी म्हणाला, "ही लाकडाची नाकं आहेत. जुन्या माणसांनी उगाच नाही ठेवलेली."

चित्रकार हसून म्हणाला, "आकाशाला भोकं कशी ठेवू? जेवणात पाऊस पडेल."

गवंडीही हसला. पाच भोके, पाच घमेली चुना. दुपारपर्यंत भिंत आरशासारखी सपाट झाली. चार महिन्यांत चित्र पूर्ण झाले, आणि त्यावर चित्रकाराने चकचकीत रोगणाचे तीन हात दिले. आता भिंतीला ना बाहेरून श्वास होता ना आतून.

हॉटेल चालले, चांगले चालले. लांबून लोक यायचे आणि त्या भिंतीसमोर उभे राहून फोटो काढायचे. कुणी तर खऱ्या रस्त्यावर जाऊन कुलपांच्या दुकानाशी ताडून बघायचे. मलाही लोक वाकून बघायचे. चित्रकाराची बायको आता मालकीण झाली होती आणि त्याची बहीण सगळा कारभार बघत होती. दर सोमवारी दालन बंद असे. त्या दिवशी चित्रांची निगा राखणाऱ्या एक बाई येत. पांढरा डगला, हातात भिंग आणि विजेरी, म्हणून सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणत. त्या माझा कागद बदलत, किल्ली देत, शाईचा एक थेंब घालत. दर तीन महिन्यांनी ओले फडके गुंडाळून मला तपासत. माझी रेघ तेव्हा अठ्ठेचाळीस-पन्नासच्या आसपास असायची. माणसे जेवायला आली की चढायची, ती गेली की उतरायची. हे असेच असायला हवे. माणूस श्वासातून पाणी सोडतो, आणि तो निघून गेला की हवा ते पाणी विसरते.

चौथ्या वर्षी चित्रकार आजारी पडला आणि तीन महिन्यांत गेला. त्यानंतर मालकीण रोज सकाळी दालनात येऊन त्या चित्रातल्या फुटपाथजवळ भिंतीवर तळहात टेकवायची. मिनिटभर. मग कामाला लागायची. नणंद हे जिन्यावरून बघायची आणि खाली यायला थोडा उशीर करायची. दोघी त्याबद्दल एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी माझ्या रेघेला काहीतरी झाले. माणसे गेली तरी ती पूर्वीइतकी खाली उतरेना. सोमवारी दालनात चिटपाखरू नसायचे, तरी ती पंचावन्न दाखवायची. मग सत्तावन्न. मग एकोणसाठ. याचा अर्थ मला उमगत होता. ज्या खोलीत माणूस नाही आणि तरी ओल आहे, तिथे श्वास सोडणारे दुसरे काहीतरी आहे. वरच्या 'पिवळी खिडकी'च्या न्हाणीघरात नळाचा एक जोड गळत होता. तो सापडला, दुरुस्तही झाला. पण भिंतीत उतरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. पुढून रोगण, मागून चुना. ते तिथेच थांबले, तिसऱ्या तुळईच्या टोकापाशी, अंधारात. त्यातले थोडेसे छताच्या फळ्यांच्या फटींतून खाली झिरपायचे आणि माझ्या केसांना लागायचे. लाकडात वीस टक्क्यांच्या वर पाणी टिकून राहिले की बुरशीला राहायला घर मिळते. बुरशी आवाज करत नाही. ती घाई करत नाही.

एका सोमवारी डॉक्टरबाई माझ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मालकीण बाहेर गेली होती, नणंद टेबलांवरची फुले बदलत होती. डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, की रेघ अशीच चढत राहिली आणि साठच्या वर गेली, तर तिसऱ्या तुळईपाशी भिंत उघडून बघावी लागेल. नणंदेने विचारले, उघडून म्हणजे? डॉक्टरबाईंनी हाताने वरून खालपर्यंत एक पट्टा दाखवला. त्या पट्ट्यात आकाश होते, गॅलरी होती आणि पिशवी घेतलेली बाई होती.

पुढच्या सोमवारी नवा कागद लावून डॉक्टरबाई वरच्या खोल्यांकडे गेल्या. तासाभराने नणंद आली. तिने माझ्या पेटीचे झाकण उघडले, मागे हात घातला आणि तो बारीक स्क्रू फिरवला. लेखणी साठावरून पन्नासावर आली. तिने झाकण लावले, काचेवरचा बोटाचा ठसा पदराने पुसला आणि ती निघून गेली.

मित्रांनो, मला वेदना नसतात. पण तो आठवडा मी कसा काढला ते माझे मला माहीत. केस खरे तेच सांगत होते आणि लेखणी खोटे लिहीत होती. दोन्ही माझेच.

पुढे दर सोमवारी हेच; ओल वाढतच होती, म्हणून तिला स्क्रू दर वेळी आणखी जरासा फिरवावा लागे. डॉक्टरबाई तीन महिन्यांनी ओले फडके गुंडाळत, तेव्हा लेखणी पंचाण्णवाऐवजी खालीच अडकायची. त्या स्वतःशी म्हणायच्या, केस म्हातारे झाले बिचाऱ्याचे. मग मला ठीकठाक करायच्या, आणि लेखणी पूर्ण उतरायची वाट न बघता त्या वर गेल्या की नणंद पुन्हा यायची. डॉक्टरबाईंचेही वय झाले होते आणि कागद पन्नास दाखवत होता. चित्रातल्या आकाशात, तिसऱ्या तुळईखाली, रुपयाएवढा एक फुगवटा आला होता. कागदावर विश्वास ठेवून त्यांनी तो डिंकाने दाबून बसवला आणि वरून निळा रंग लावला. इतका सुंदर लावला की मलाही जागा ओळखू येईना.

मग ते पेन्सिलीचे झाले. 'पिवळी खिडकी'तले पाहुणे तक्रार करायचे की कपाटाचे दार आपोआप उघडते. काही जण गमतीने म्हणायचे, तुमच्या भुताला सवय लावा, दार लावून जात जा म्हणावं. मालकिणीने सुतारकाकांना बोलावले. ते वर गेले आणि थोड्या वेळाने हातात पेन्सिल घेऊन खाली दालनात आले. कपाटाचे काही बिघडलेले नव्हते. त्यांनी जमिनीवर पेन्सिल ठेवली होती आणि ती घरंगळत रस्त्याकडच्या भिंतीला जाऊन लागली होती. त्यांनी दालनात दोरी ताणली, तुळया मोजल्या. तिसरी तुळई भिंतीपाशी दोन बोटे खाली आली होती.

काका म्हणाले, आत बघायला हवं. मालकिणीने विचारले, किती फोडावं लागेल. काका म्हणाले, दोन हात रुंद, वरपासून खालपर्यंत.

 मालकिणीने डॉक्टरबाईंना बोलावून विचारले, भिंत ओली आहे का. डॉक्टरबाईंनी मागचे बारा कागद काढून दाखवले. कागद पन्नास सांगत होते. काकांनी खांदे उडवले; कोरडी असेल तर जुनी दबलेली असेल, म्हणाले, पण बघितलेलं बरं. मालकीण म्हणाली, हंगाम संपू दे, मग बघू.

हंगाम संपला. मग एका मोठ्या प्रदर्शनाचे पाहुणे यायचे होते. मग पुन्हा हंगाम आला.

पण काका येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने दोन गोष्टी केल्या होत्या. 'पिवळी खिडकी'ची किल्ली स्वतःच्या कपाटात टाकली आणि सांगितले की तिथले चित्र दुरुस्तीला गेले आहे. आणि तिसऱ्या तुळईखालच्या मोठ्या टेबलावर 'राखीव' अशी पाटी ठेवली. त्या टेबलावर रोज स्वच्छ चादर अंथरली जायची, नऊ ताटल्या मांडल्या जायच्या, आणि कुणी बसायचे नाही. सगळ्यांत जुना वेटर, ज्याला सगळे मामा म्हणत, तो नव्या वेटरांना सांगायचा, "ते राखीव साहेब फार मोठे आहेत. येतील तेव्हा येतील." सगळे हसायचे. मी त्या टेबलाच्या वर बघत राहायचो. माझ्या फळीवरून छताची ती कड स्पष्ट दिसते. छताची फळी आणि भिंत यांच्यामध्ये आधी एक केसाएवढी काळी रेघ होती. पुढे ती बोटाच्या नखाएवढी झाली.

तीन बायकांनी तीन तऱ्हांनी ती भिंत जपली. एकीने आकडा लपवला, एकीने फुगवटा लपवला, एकीने टेबल रिकामे ठेवले. तिघीही भल्या होत्या. आणि दालनात रोज साठ माणसे जेवून जात होती.

पहिल्यांदा स्क्रू फिरला त्याला असे चौदा महिने झाले.

चौदाव्या महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी, दालन भरलेले होते. एक कुटुंब आले. नऊ जण, त्यात चाकांच्या खुर्चीतले एक आजोबा. आतल्या टेबलांकडे जायला दोन पायऱ्या होत्या; राखीव टेबल तेवढे दाराला लागून, सपाटीवर. मालकीण वर होती. नणंदेने पाटी उचलून खिडकीत ठेवली आणि त्यांना तिथे बसवले. नऊ खुर्च्या एकदम सरकल्या. माझी लेखणी थरथरली आणि रेघेवर एक काटा उमटला. छतातून एक बारीक आवाज आला, सुकलेली काडी मोडावी तसा. मग, पाने वाढून झाल्यावर, भुरभुर पांढरी पूड पडली, थोडी आजोबांच्या पानात, थोडी एका लहान मुलीच्या केसांत. तिच्या आईने ती झटकली आणि बोलणे पुढे सुरू झाले.

मालकीण जिन्यावरून उतरत होती. तिने टेबल पाहिले आणि शेवटच्या चार पायऱ्या ती कशी उतरली ते मला दिसलेच नाही. ती त्या कुटुंबापाशी गेली आणि शांत आवाजात म्हणाली की कृपा करून उठा, आपल्याला दुसरीकडे बसवते. कारण तिने सांगितले नाही. घरातला कर्ता मुलगा चिडला. वाढून झाल्यावर उठवतात का, म्हणाला. आजोबांनी त्याला गप्प केले.

"अरे, मला चाकं आहेत. कुठंही ढकला, पण गरम आहे तोवर ढकला."

चौघा वेटरांनी आजोबांची खुर्ची उचलली आणि सगळ्यांना वर, 'दोन बहिणी'च्या खोलीत नेऊन जेवू घातले. नणंदेचा चेहरा लाल झाला होता. सगळ्या दालनादेखत आपला शब्द मोडला, असे तिला वाटले. मामाजवळ ती एवढेच म्हणाली, की पाटीपेक्षा माणसं लहान झाली का आता या घरात. मामा नेहमी काहीतरी विनोद करायचा. त्या दिवशी त्याने छताकडे पाहिले आणि टेबलावरची पूड ओल्या फडक्याने पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. डॉक्टरबाई नेहमीपेक्षा लवकर आल्या, आणि त्यांच्याबरोबर कागदांचा एक गठ्ठा होता. वर्षाचे कागद बांधून ठेवावेत म्हणून त्यांनी ते रात्रीतून एकाखाली एक लावले होते. आता त्यांनी ते दालनातल्या लांब टेबलावर मांडले. एकसष्ट कागद. मालकिणीला आणि नणंदेला त्यांनी बोलावून घेतले. सुतारकाकांना मालकिणीनेच रविवारी निरोप धाडला होता. ते दाराशी हत्यारांची पिशवी घेऊन उभे होते.

डॉक्टरबाईंनी प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेवर बोट ठेवत नेले. कागद सुरू झाल्यावर तासाभराने रेघ कधी जराशी, कधी बरीच, पण सरळ खाली पडली होती. एकसष्ट कागदांवर, एकसष्ट वेळा, त्याच जागी.

"ही पायरी आहे," त्या म्हणाल्या. "हवा पायरीनं उतरत नाही. उतारानं उतरते. हा स्क्रू कुणीतरी फिरवतंय."

"मी फिरवते," नणंद म्हणाली.

एवढ्या लवकर उत्तर येईल असे कुणालाच वाटले नव्हते. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

"तुम्हीच म्हणाला होतात, साठच्या वर गेली तर भिंत उघडावी लागेल," नणंद म्हणाली. "म्हणून जाऊ दिली नाही साठच्या वर."

 डॉक्टरबाई आकाशातल्या त्यांनीच रंगवलेल्या जागेकडे गेल्या, स्टुलावर चढल्या आणि अंगठ्याने दाबले. अंगठा आत गेला. त्यांनी तो काढून डगल्याला पुसला.

मालकीण खुर्चीत बसली होती. मग तिने पेन्सिलीचे सांगितले, तुळईचे सांगितले, किल्लीचे सांगितले. नणंद ऐकत होती.

"म्हणजे ते राखीवचं..."

"हो."

"आणि काल त्या म्हाताऱ्याला मी तिथं बसवलं." नणंदेचा आवाज बारीक झाला. "वहिनी, मला सांगायचं होतंत."

"तुम्ही सांगितलंत का मला, वन्सं?"

 डॉक्टरबाईंनी ओले फडके आणले, माझ्याभोवती गुंडाळले आणि अर्ध्या तासाने स्क्रू होता तिथे, कारागिराने ठेवला होता तिथे, परत आणला. मग फडके काढले आणि सगळे माझ्याकडे बघत थांबले. चौदा महिन्यांनी मी खरे लिहिणार होतो. लेखणी पंचाण्णवावरून हळूहळू उतरली, ऐंशीवर आली, शहात्तर, त्र्याहत्तर, आणि एकाहत्तरावर येऊन थांबली. दालन रिकामे होते. खिडक्या बंद होत्या. त्या चौघांव्यतिरिक्त तिथे कुणी श्वास घेत नव्हते.

सुतारकाका शिडी लावून वर चढले. त्यांनी पहिली तुळई ठोकली, टण्ण वाजली. दुसरी तशीच. तिसरी ठोकली, आणि आवाज आला तो उशीवर हात मारल्यासारखा. त्यांनी पिशवीतून टोचा काढला आणि भिंतीलगत लाकडात टेकवला. ढकलावे लागले नाही. टोचा मुठीपर्यंत आत गेला.  तो तसाच ठेवून काकांनी हात काढून घेतला, म्हणजे खालून सगळ्यांना दिसावे.

मित्रांनो, मला बोलता येत नाही; मला फक्त लिहिता येते, आणि तेही कुणी हात लावला नाही तरच. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखी पुष्कळ मुकी यंत्रे बसलेली असतात: ताप मोजणारी, वजन मोजणारी, वेळ मोजणारी. त्यांनी दाखवलेला आकडा तुम्हाला आवडणार नाही, असे दिवस येतील. त्या दिवशी यंत्राच्या पाठीमागे हात घालू नका. आकड्याच्या पाठीमागे जाऊन बघा. ज्याच्यावर तुमचा जीव आहे ते झाकून ठेवले की ते जपले गेले, असे वाटते. पण झाकणाखाली काय चालले आहे ते त्याला सांगू द्या, आणि त्याने सांगितले की ऐका. तुम्ही ऐकायला जितका उशीर कराल, तितकी दुसरी माणसे त्या छताखाली बसून जेवत असतील. त्यांना काही माहीत नसेल.

डॉक्टरबाईंनी हळू आवाजात सांगितले की रंगाचा थर कापडावर उचलून घ्यायचा प्रयत्न करता येईल. गॅलरी वाचेल बहुधा. चेहरा अर्धा. आकाश नाही. आणि थांबून चालणार नाही, कारण ओला थर रोज सुटत जाणार.

नणंद भिंतीकडे तोंड करून उभी होती. "दादा असता तर..." ती म्हणाली आणि थांबली.

"दादा असता तर पहिला हातोडा त्यानं उचलला असता, असं लोक म्हणतील," मालकीण म्हणाली. "मला तसं वाटत नाही, वन्सं. तोही म्हणाला असता, पुढच्या महिन्यात बघू. आपण तिघं एकाच मातीचे."

नणंदेला हसू आले की रडू, ते तिच्या पाठीवरून मला कळले नाही. वरच्या मजल्यावर कुणी पाहुणा चालत गेला. छताच्या त्या कडेतून पुन्हा थोडी पूड भुरभुरली आणि काकांच्या खांद्यावर पडली. काका शिडीवरून खाली बघत होते. त्यांनी कित्येक महिन्यांपूर्वी सांगितलेले पुन्हा सांगितले नाही.

मालकीण उठली. भिंतीपाशी गेली, पण या वेळी तिने तळहात टेकवला नाही. हात पाठीमागे बांधून ती काही क्षण उभी राहिली. मग वळली.

"वन्सं, वरच्या पाहुण्यांना सामान आवरायला सांगा. आत्ता. हॉटेल आजपासून बंद," ती म्हणाली. "आणि काका, टेकू लावा, बाईंना उचलता येईल तेवढं उचलू द्या, आणि भिंत फोडा."